रुमालाखाली ठरलेला आवाज

श्रीपाद, पहिल्यांदा मी तुला फसवलं आणि शेवटी तू मला फसवलंस. मधल्या वीस वर्षांत कुणी कुणाला फसवलं नाही, कारण आपण बोलतच नव्हतो.

हे मी आधीच लिहून टाकतो, कारण तुझ्यावर चांगलं-चांगलं लिहिणारे बरेच निघालेत. शेंद्र्याला तुझ्या कारखान्याच्या गेटवर तुझा फोटो लावलाय आणि खाली ‘मनमिळाऊ सहकारी’ असं लिहिलंय. मी ते वाचून गाडी वळवली. वीस वर्षं अबोला धरणारा माणूस मनमिळाऊ असेल तर मी संत आहे. तू कसा गेलास, जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं कसं टेकवलंस, हे सांगणारे खूप आहेत. मला त्यात पडायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय आणि तू समोर नाहीस, ही माझी अडचण आहे.

वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आपला बँड माहीत असेल. तेव्हाच्या औरंगाबादेत पाणी दिवसाआड यायला लागलं त्या वर्षी आपण तिघांनी तो काढला आणि नावही ‘दिवसाआड’ ठेवलं. तू गिटार आणि गाणं, इम्रान दुसरी गिटार आणि सगळ्या वायरी, मी ड्रम. नाव ठेवून सहा महिने झाले नाहीत तोच पाणी चौथ्या दिवशी यायला लागलं. इम्रान म्हणाला, “नाम बदलना पडता भई. पब्लिक कू लगेंगा अपन झूट बोल रै.”

तुझे बाबा कॉलनीचे सेक्रेटरी. कॉलनीच्या मोकळ्या जागेत जमिनीखाली सगळ्या घरांसाठी बांधलेला मोठा हौद होता. त्या उन्हाळ्यात नळाची धार करंगळीएवढी झाली, हौदापर्यंत पाणी पोचेचना आणि तो कोरडा ठणठणीत पडला. तू एकदा त्याचं लोखंडी झाकण उघडून आत वाकलास आणि नुसतं ‘ए’ म्हणालास. तो ‘ए’ परत यायला वेळ लागला, आणि आला तो एकटा आला नाही, मागं आणखी पाच-सहा जणांना घेऊन आला. तू वर बघून हसलास. लोक आभाळाकडं बघत होते आणि आपल्याला फुकटात स्टुडिओ मिळाला होता. पाऊस लांबू दे, असं मी त्या जून महिन्यात दोन-तीनदा मनात म्हटलेलं आहे. तूही म्हटलं असशील.

दुपारी बाहेर अंगाची लाही व्हायची आणि हौदात माठासारखं गार. वरून वायर सोडून आपण शिडीनं खाली उतरायचो. मी भाड्यानं मोठा ड्रम आणला, तो झाकणातून आत जाईना. एवढा भावताव करून आणलेला माल, आणि मी झाकणाचं तोंडच मोजलं नव्हतं. तुम्ही दोघं खाली बसून माझ्यावर पोट धरून हसलात. मग मी माझ्या धंद्यातलं एक लहान निळं पिंप खाली सोडलं. तेव्हा मी कारखान्यांतून रिकामी पिंपं उचलायचो, धुऊन घासून वस्त्यांमध्ये पाणी साठवायला विकायचो. ते पिंप आडवं करून पायानं वाजवलं तर हौदभर असा घुमला आवाज, की इम्रान म्हणाला, “वो भाडे का वापस कर दे, बाला.”

पुण्याच्या एका पोरानं आपलं ऐकून सांगितलं की याला शूगेझ म्हणतात. परदेशात असे बँड होते. गिटारींचा इतका दाट आवाज करायचा की भिंत उभी राहावी, आणि गाणाऱ्याचा आवाज त्या भिंतीत चिणून टाकायचा. पायाखालच्या यंत्रांची बटणं दाबायला ते सारखे खाली बघत राहायचे, म्हणून लोक म्हणाले, हे बुटांकडं बघत वाजवतात.

“आपल्यात दोघांच्या पायात स्लिपरा हायेत,” मी म्हणालो.

“चालतंय,” तू म्हणालास. “बघायचं खालीच आहे.”

आपलं भांडण पहिल्या दिवसापासून एकच होतं.

“श्रीप्या, तू काय म्हणतोस ते ऐकू येत नाय.”

“यायला नकोच आहे.”

“मग म्हणतोस कशाला?”

“म्हटल्याशिवाय राहवत नाही म्हणून.”

“दुकानात माल मांडायचा आन् वरून गोणपाट टाकायचं, असला कसला धंदा?”

“बाला, हा धंदा नाही.”

“मग काय सत्यनारायण हाय?”

माझे वडील पिशोरच्या बाजारात बैल घ्यायचे, विकायचे. बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच ठाऊक. रुमाल निघाला की सौदा पक्का. त्यानंतर जो फिरला, त्याला बाजारात कुणी वय बघायला बैलाच्या दातालाही हात लावू देत नाही. हे मी तुला एकदा बोलता बोलता सांगितलं. तुला ते इतकं आवडलं की आपला सगळा बँडच तू त्यावर चालवलास. प्रत्येक गाण्याला तुझा आवाज किती ठेवायचा, हे आपण हौदात उकिडवं बसून रुमालाखाली ठरवायचो. दहा बोटं म्हणजे सिनेमातल्या गाण्यासारखा सगळ्यांच्या वर. एक बोट म्हणजे असून नसल्यासारखा. तू दोन दाबायचास, मी सात. तू पुन्हा दोन. इम्रान बटणांवर हात ठेवून वैतागायचा: “हुआ क्या तुमारा लगन?” शेवटी तीनवर सौदा पक्का व्हायचा. मी आयुष्यात हजारो माणसांशी भाव केला, श्रीपाद, पण तुझ्यासारखं चिवट गिऱ्हाईक मला मिळालं नाही. मला ती दुपारची भांडणं फार आवडायची. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण समोरच्याला आपल्याला काय आवडतं ते कळलं की भाव पडतो.

आठ गाणी झाली, सगळी तीन बोटांची. सीडी करायला मी पुण्याला गेलो. तुला कारकुनीच्या परीक्षेचा पेपर होता, इम्रानच्या घरी लग्न होतं. स्टुडिओतल्या माणसानं सहज तुझा आवाज वेगळा करून ऐकवला. तोवर मी कितीतरी महिने तुझ्या मागं बसून पिंप बडवत होतो आणि तू काय गातोस ते मला माहीत नव्हतं. चौथ्या गाण्यात तू गात होतास:

अख्ख्या कॉलनीची भांडी कोरडी, आपली तुळस ओली कशी, बाबा.

पाणी आलं की घरांच्या कोणत्या ओळीला आधी सोडायचं, हे व्हॉल्व्हची चावी ज्याच्या हातात असते तो ठरवतो. चावी तुझ्या बाबांच्या हातात होती. तुमच्या ओळीला थोडं आधी आणि थोडं जास्त, हे कॉलनीत सगळ्यांना जाणवायचं आणि कुणी बोलायचं नाही. तू बोलला होतास. पण तू ते हौदात जाऊन, गिटारीच्या भिंतीत चिणून बोलला होतास.

“आवाज किती ठेवू?” स्टुडिओवाल्यानं विचारलं.

मी आठ म्हणालो.

तेवढ्यावर थांबलो नाही. गणपतीत तुमच्या कॉलनीच्या मंडपात मी स्वतः ती सीडी नेऊन दिली. दुपारची आरती व्हायची होती, बायका दूर्वा निवडत बसल्या होत्या. आपल्या पोरांचं गाणं म्हणून सगळे कौतुकानं जवळ आले. चौथं गाणं लागलं तेव्हा तुझे बाबा खोबऱ्याचं ताट घेऊन उभे होते. ओळ एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली. समोरच्या घरातल्या काकू दूर्वा निवडता निवडताच म्हणाल्या, “सेक्रेटरी, पोरगं काहीतरी विचारतंय हो तुम्हाला.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाबांनी ताट टेबलावर ठेवलं, घरात गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपातल्या त्याच टेबलावर चावी ठेवून आले. पुढं ते कॉलनीच्या बैठकीला कधी बसले नाहीत असं मी ऐकलं.

तू संध्याकाळी माझ्या खोलीवर आलास. आत आला नाहीस.

“किती बोटं ठरली होती?”

“तीन.”

“किती केलीस?”

“आठ,” मी म्हणालो. “पण मला शब्दांचा अर्थ लागला नव्हता रे, आईशप्पथ. गाणं चांगलं वाटलं म्हणून वाढवलं.”

तू माझ्याकडं बराच वेळ बघितलंस. मग जिना उतरून गेलास. बँड संपला. वीस वर्षं.

त्या वीस वर्षांत शहर बीड बायपासच्या पलीकडं गेलं. प्रत्येक नव्या इमारतीला टाक्या लागतात, आणि जिथं पाणी आठवड्यानं येतं तिथं जास्त लागतात. पिंपांवरून मी प्लॅस्टिकच्या काळ्या टाक्यांवर आलो. आधी दुकान, मग शेंद्र्याच्या रस्त्याला गोडाऊन. दुष्काळानं माझं भलं केलं, हे मी लपवत नाही. तुमची कॉलनी पाडून तिथं आठ मजले झाले, हौद बुजवला. त्या इमारतीला टाक्या मीच पुरवल्या. माल उतरवताना मी उगीच तिथं पाय वाजवत फिरलो. खालून काही आलं नाही. एकदा क्रांती चौकात सिग्नलला तुझी स्कूटर माझ्या गाडीशेजारी थांबली होती. तू सिग्नलकडं बघत होतास, मी स्टिअरिंगकडं. सिग्नल सुटायला इतका वेळ कधी लागला नाही.

गेल्या साली पाऊस पुन्हा पडला नाही. पाणी आठव्या दिवसावर गेलं आणि तू माझ्या दुकानात आलास.

“पाचशे लिटरची टाकी दाखवा.”

दाखवा, म्हणालास. ते मला फार लागलं. मी भाव सांगितला.

“जास्त सांगताय.”

“दुसरीकडं बघा.”

“दुसरीकडं बघूनच आलोय.”

मी एक पैसा कमी केला नाही. तू टाकीवर बोटानं टकटक करून आवाज ऐकत राहिलास. मग टाकीकडंच बघत म्हणालास, “बाबा गेले.”

“कळलं होतं.”

“आला नाहीस.”

“बोलावलं नाहीस.”

“मयताला बोलावतात का, बाला?”

मी चहा मागवला. तू चहा पिता पिता सांगितलंस की तू सात गाणी केली आहेस, इम्राननं ऐकली आहेत, आणि त्यांत ड्रम नाहीत. एवढं बोलून तू माझ्या गल्ल्यावरचा टॉवेल उचललास, माझा हात ओढलास आणि वर टॉवेल टाकलास. दुकानातली माणसं बघत राहिली. तू एक बोट दाबलंस. मी चार दाबली. तू एक. मी तीन. तू एकच. बाजारात कुणासाठी भाव न सोडणारा मी दोनवर आलो. तू एक बोट दाबून धरलंस आणि सोडेनास. शेवटी मी हो म्हणालो.

“या वेळी मोडलंस तर?” तू विचारलंस.

“नाय मोडणार.”

“बरं.”

तुझं ते ‘बरं’ मी खरं मानलं, श्रीपाद. मी लोकांच्या ‘बरं’वर धंदा उभा केलाय. मला खोटं ‘बरं’ लगेच ओळखू येतं. तुझं आलं नाही.

इम्रान गोडाऊनमध्ये त्याचं सामान घेऊन आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते आणि जीभ तीच होती. “पानी आठवे दिन कू आ रा. अब नाम ‘आठवडी’ रखो.” गिटारी, ड्रम आणि माझं निळं पिंप आपण टाक्यांच्या मधोमध वाजवलं. गायची वेळ आली तेव्हा तू म्हणालास, हौद हवा. हौद कुठून आणू? मग तूच पाच हजार लिटरच्या टाकीकडं बोट दाखवलंस. आपण ती शिडी लावून उघडली, तू माईक घेऊन आत उतरलास आणि आतून म्हणालास, “झाकण लावा.” तुझा आवाज फक्त इम्रानच्या कानातल्या हेडफोनला. बाहेर आम्हाला येत होती ती नुसती टाकीची गुणगुण, भुंगा अडकल्यासारखी.

फुलंब्रीकडचे एक काका गिऱ्हाईक म्हणून आले ते त्याच वेळी. सगळ्या टाक्या सोडून त्यांनी तीच पसंत केली.

“मालक, हीची काय किंमत?”

“ती विकायची नाय.”

“का? गळती हाय का?”

“आत माणूस हाय.”

काकांनी टाकीला कान लावला. “काय करतोय?”

“गातोय.”

“भायेर गाता येत नाय व्हय त्याला?”

“मीबी वीस वर्षं तेच इचारतोय.”

काकांनी खात्री करायला टाकीवर दोन थापा मारल्या. इम्राननं कपाळाला हात लावला. आतून तू जोरात ओरडलास, “बाला, आधी गिऱ्हाईक सांभाळ.” त्या दिवशी आपण तिघं इतके हसलो की पुढचा तासभर काम झालं नाही. हे मी तुझ्या नावावर जमा धरतो. एवढं हसणं माझ्या वाट्याला नंतर आलं नाही, आणि आता कुठून येईल ते दिसत नाही.

सातवं गाणं तू शेवटच्या दिवशी गायलास. एकदाच. वर आलास तेव्हा सदरा घामानं पाठीला चिकटला होता आणि डोळे लाल होते. तू खाली उतरून सरळ माझ्याकडं बघितलंस. पायांकडं नाही, माझ्याकडं.

“काय गायलास?”

“एक बोट,” तू म्हणालास.

माझं डोकं फिरलं. मी ड्रमच्या काठ्या फेकल्या. म्हणालो, वीस वर्षं तोंड बंद ठेवलंस, आता उघडलंस तेही टाकीत जाऊन. म्हणालो, बस मग त्या टाकीतच जन्मभर. तू काठ्या उचलून पिंपावर ठेवल्यास, गिटार पाठीला अडकवलीस आणि गेलास. अकराव्या दिवशी कारखान्यातून फोन आला.

तुझे दिवस झाल्यावर तुझ्या घरच्या, मेधा वहिनी, गोडाऊनवर आल्या. तू घरात कधी गायला नाहीस, हे मला त्यांच्याकडून कळलं. खुर्चीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊजी, मला गाणी नकोत. गिटार नको. मला त्यांचा नुसता आवाज ऐकायचाय. तेवढं काढून द्याल?”

“दहा मिनिटांचं काम हाय, वहिनी,” मी म्हणालो. तुला दिलेला शब्द त्या वेळी माझ्या डोक्यातही आला नाही. खोटं कशाला सांगू, वहिनींपेक्षा मलाच ते ऐकायची घाई झाली होती.

मी तसाच इम्रानच्या दुकानी गेलो. तो लग्नाच्या मांडवाचे भोंगे दुरुस्त करत बसला होता.

“श्रीपादचा आवाज वेगळा दे. सातही गाण्यांचा.”

“नै है.”

“नै म्हणजे?”

“मिटा दिया. मिक्स हुआ, उसके बाद उनो मेरे बाजू में बैठा, बोला मिटा. मैं बोला एक कॉपी रखता. बोला नक्को. कचरे के डब्बे में से भी निकलवाया मेरे से.” त्यानं कॉम्प्युटरकडं हनुवटी दाखवली. “अब खाली पूरा गाना है. सबकुछ मिला हुआ.”

“कायको?”

इम्राननं पाना खाली ठेवला. “तेरेकू नै मालूम कायको?”

मी त्याच्या दुकानात आरडाओरडा केला. लोक जमले. मी म्हणालो, मी रुमालाखाली शब्द दिला होता, त्याचा काही मान आहे की नाही. एकदा हात दिल्यावर माणसानं विश्वास ठेवायचा असतो. न ठेवणं ही सुद्धा फसवणूकच. माझं संपल्यावर मी विचारलं, “सातव्यात काय गायला होता?”

“वो मैं नै बताता. कसम दी उसने.”

“मला ऐकायचा हक्क आहे.”

“हौ, है ना. वो तो तेरेच वास्ते था,” तो बोलून गेला, आणि मग पाना उचलून त्यानं असं तोंड मिटलं की पुढं अर्धा तास मी आवाज चढवला, आवाज उतरवला, आईची आण घातली, त्याच्या पोरीच्या लग्नात मांडवाचं सगळं बघतो म्हणालो, काही उपयोग झाला नाही. मी कुठूनच इतका रिकाम्या हातानं परतलो नाही.

आणखी एक सांगतो, म्हणजे तुझं बरोबर होतं हे तुला कळेल. हल्ली मिसळलेल्या गाण्यातून यंत्र आवाज वेगळा काढून देतं. मी सातवं गाणं पुण्याला नेलं. म्हणजे तुझ्या फोटोवरचा हार उतरायच्या आधी मी शब्द मोडला. यंत्रानं काढलं ते पाण्यात भिजून लगदा झालेल्या कागदासारखं होतं. लांबवलेला आ, ओ, श्वास, टाकीचा घुमारा. शब्द एक नाही. तो मुलगा म्हणाला, आवाज इतका कमी ठेवलाय की गिटारींनी त्याला खाऊन टाकलंय. तू एक बोट का धरून बसला होतास, ते मला तिथं कळलं. तू मला वीस वर्षांनीही नीट ओळखून होतास. माझ्या हाताला वेगळा आवाज लागला असता तर मी तो दहावर नेला असता आणि चौकात लावला असता.

आता राहिलं ते मी सांगतो. त्या संध्याकाळी दारात मी तुला आईशप्पथ म्हणालो होतो की शब्दांचा अर्थ मला लागला नव्हता. लागला होता. स्टुडिओत पहिल्याच फेरीत लागला होता. ही ओळ वर आली तर तुझ्या बाबांचं काय होईल, हे मला तिथंच दिसलं, आणि तरी मी आठ म्हणालो. कारण गाणं त्या ओळीमुळं उभं राहत होतं, आणि कारण पाण्यासाठी रात्रंदिवस पिंपं वाहणाऱ्या वस्त्यांमध्ये मी रोज फिरत होतो आणि तुमची ओली तुळस मलाही खुपत होती. मी तुझ्या तोंडून माझा राग काढला. तुला हे माहीत होतं का? दारात तू जेवढा वेळ माझ्याकडं बघत राहिलास, त्यावरून मला वाटतं, होतं. पण तू विचारलं नाहीस आणि मी वीस वर्षांत, दुकानात, टाकीजवळ, कधीच कबूल केलं नाही. तू सातव्या गाण्यात त्याचंच उत्तर दिलं असशील. मी न दिलेल्या कबुलीचं उत्तर.

गोडाऊनमध्ये आता भाव करायला कुणी येत नाही. तरुण पोरं मोबाईलवर किंमत बघून येतात, स्क्रीन माझ्यासमोर धरतात आणि एवढ्याला देता का विचारतात. मी हो म्हणतो. मी चिडतो म्हणून नोकर बोलत नाहीत, घरी सगळे माझं आधीच मान्य करून टाकतात. माझ्याशी शेवटपर्यंत ‘एक’ धरून बसेल असा माणूस उरला नाही. दुपारी मी कानाला हेडफोन लावून सातवं गाणं ऐकतो. गिटारी ऐकू येतात, माझंच पिंप ऐकू येतं. मध्ये कुठंतरी तू आहेस, हे कळतं, भिंतीपलीकडं कुणी चालत असल्यासारखं. मी आवाज वाढवतो, तेव्हा सगळंच वाढतं.

अल्बम पुढच्या महिन्यात निघेल. नाव तू ठेवलेलं, ‘गाळ’. आवाज एक बोट, ठरला तसा. त्याला मी हात लावलेला नाही, कारण लावायला काही शिल्लकच नाही, आणि त्याचं श्रेय मला कुणी देऊ नये. मेधा वहिनींना मी अजून खरं सांगितलेलं नाही. काम चालू आहे, असं सांगतोय.

तुला विचारून उपयोग नाही, हे मला कळतं. म्हणून इथं, छापून, सगळ्यांच्या देखत इम्रानला विचारतो. इम्रान, तू त्याला शब्द दिलास की गाणं कुणाला सांगणार नाहीस. नको सांगू. ओळी तुझ्यापाशी ठेव. पण त्यानं तुझ्यासमोर, एकदाच, माझ्यासाठी गायलं आणि ते ऐकलेला जगात तू एकटा उरलास. मला गाणं नको. त्यानं मला माफ केलं की नाही, एवढं सांग. नसेल केलं तर तसं सांग, मी सहन करीन. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस, मला ते कळेल. मी दुकानात सकाळी नऊपासून असतो. ये, समोर उभा राहा आणि व्हय म्हण नाहीतर नाय म्हण. गप्प राहायला तो आहे. तू उत्तर दे.